आत्तीचा आंबा आणि मामाचा पट्टा

अक्षरं मी शाळेत शिकले नाही, भिंतीवर शिकले. आमच्या सोप्याच्या मातीच्या भिंतीला पोपडे सुटायचे आणि आबा, म्हणजे माझे वडील, ते पत्रकांनी झाकायचे. आबांना पत्रकांचा भारी नाद. बाजाराला गेलेला माणूस पोरांसाठी शेवचिवडा आणतो. आबा धोतराच्या सोग्यात पत्रकं बांधून आणायचे. सांगलीहून, साताऱ्याहून, कुठल्या कुठल्या सभांतून हातोहात फिरत आलेली. ठसे जाड, कागद पिवळा, छापणाऱ्याचं नाव मुद्दाम गाळलेलं. हुंड्याला विरोध, शिवाशिवीला विरोध, दारूला विरोध, अंगात येण्याला विरोध, सरकारला विरोध. मराठी ही विरोध करायची भाषा आहे असं मला लहानपणी वाटायचं. आता ऐंशी ओलांडली, तरी ते मत फारसं बदललेलं नाही.

जेवायला बसलं की माझ्या बरोबर समोर एक पत्रक यायचं. त्यातली 'भगिनींनो, किती दिवस झोपणार?' एवढी ओळ शिल्लक होती. पुढचं उंदरांनी खळीसकट खाल्लं होतं. त्यामुळे उठल्यावर नेमकं काय करायचं ते मला कळलं नाही, पण उठायचं आहे हे पक्कं झालं. मी बोलायचीही पत्रकासारखीच. आईनं ताटात भाजी कमी वाढली की मी म्हणायची, "हा अन्याय आम्ही किती काळ सहन करायचा?" आणि आई म्हणायची, "वांगी संपंस्तवर."

आमचं गाव कृष्णाकाठचं, कुंडलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ऊस, थोडी हळद, परड्यात म्हशी. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची, तिच्यात आईच्या भाकरीची थाप मिसळायची आणि मग आबांचं मोठ्यानं वाचन. थंडीत गुऱ्हाळ लागलं की सगळ्या गावाला उकळत्या रसाचा वास यायचा आणि आम्हा पोरांच्या बोटांना काकवीचा चिकटा कायमचा. त्या दिवसांत बाहेर काय चाललं होतं ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. घरात काय चाललं होतं ते मी सांगते. घरात आत्तीचा आंबा धरत नव्हता.

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. तिला दिली होती तिकडं कवठे महांकाळच्या बाजूला, दुष्काळी मुलखात. वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. येताना पदराच्या गाठीला एक आंब्याची कोय होती. नवऱ्यानं कुठून तरी आणलेला आंबा दोघांनी खाल्ला होता, त्याची ती कोय. आत्तीनं ती परड्यात धुण्याच्या दगडापाशी लावली. सांडपाण्यावर झाड असं माजलं की त्याच्या सावलीत सगळ्या म्हशी मावायच्या. पण मोहोर म्हणून नाही. आमच्या शेजारची सोनाबाई धुणं धुता धुता म्हणायची, "झाड बी मालकिनीवरच गेलंया." आत्तीला मूलबाळ नव्हतं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि कपड्याला जरा जास्त जोरानं पिळा घालायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझा मामा लढाईवरून परत आला. जोतीमामा हवालदार होता; पायात गोळी लागली म्हणून त्याला घरी पाठवलं होतं, आणि त्याच्या घरी भांडणं म्हणून तो आमच्या घरी राहिला होता. लंगडत चालायचा, पण लंगडणंसुद्धा परेडच्या तालावर. आमच्याकडं रीत अशी, की दसऱ्याला अवजारांची पूजा झाली की तीच कुऱ्हाड घेऊन न धरणाऱ्या झाडापाशी जायचं. एकानं कुऱ्हाड उगारून म्हणायचं, "धरतोस का तोडू?" दुसऱ्यानं झाडाला मिठी मारून म्हणायचं, "नको, नको, यंदा धरंल." मग बुंध्याला कुऱ्हाड जराशी टेकवायची आणि घरी येऊन पुरणपोळी खायची. झाड भितं आणि पुढच्या वर्षी धरतं, अशी समजूत.

माझ्यासारखीला हे चालणं शक्यच नव्हतं. मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता 'झाडांना कान नसतात'. खाली अज्ञान, अंधार, गुलामगिरी हे तिन्ही शब्द आले होते. आंबा हा शब्द आला होता की नाही, आठवत नाही. ते मी आदल्या दिवशी खळ लावून थेट आंब्याच्या बुंध्यावर चिकटवलं. दसऱ्याला सगळे कुऱ्हाड घेऊन आले तर झाडावर माझं पत्रक.

मामानं ते मोठ्यानं वाचलं. मग टाचा जुळवून पत्रकाला सलाम ठोकला.

"शालन, लिवलंस झ्याक. पण कान न्हाईत तर कातडं तर हाय की न्हाई?"

"मामा, ही अंधश्रद्धा आहे."

"आगं, कुराड नुसती टेकवली तर कोन भितंय? फौजेत नवा रंगरूट आला की पयला कमरंला पट्टा आवळत्यात. पट्टा बसला की बेनं सरळ हुतंय." आणि मिठी मारायला आलेल्या आत्तीला बाजूला सारून मामानं कुऱ्हाडीच्या पात्यानं, माझ्या पत्रकापासून सुरुवात करून, बुंध्याची साल काढायला घेतली. चार बोटं रुंद, एकसारखी, सगळा घेर पुरा करून. आत पांढरं लाकूड उघडं पडलं. दुरून बघितलं तर झाडानं खरोखर कमरपट्टा घातल्यासारखं दिसत होतं. माझं पत्रक सालीसकट खाली पडलं आणि म्हशीनं खाल्लं. माझ्या लिखाणावर इतकी तत्पर प्रतिक्रिया पुढं कधी आली नाही.

मग थंडीत ती गोष्ट घडली जी आमच्या गावात अजून सांगतात. बेचाळीसच्या चळवळीची माणसं तेव्हा उसाच्या फडांत लपून राहायची आणि गावातून त्यांना भाकरी जायची. घरोघरच्या भाकरी एका टोपलीत गोळा व्हायच्या आणि टोपलीची कारभारीण आत्ती. एके दिवशी पोलिसांनी गावाला वेढा टाकला. प्रत्येक वाटेवर शिपाई. टोपली वेशीवर अडवली, भाकरी शिपायांनीच खाल्ल्या. गावात चुली पेटत होत्या, भाकरीवर भाकरी पडत होती, पण ती जाणार कुठं? आमच्या घरात भाकरीची चवड लागली. म्हशींना भाकरी, कुत्र्याला भाकरी, आम्ही तर भाकरीचे लाडू खाऊन खाऊन जाडे झालो. आणि फडातली माणसं तिकडं ऊस चोखून राहिली होती. शेवटी आत्तीनं वाट काढली. बायका नदीला धुण्याला जाणार तर त्यांना कोण अडवणार? तिनं चार जणी निवडल्या, पोटावर लुगड्याच्या आत भाकरी बांधल्या आणि वर धुण्याची बोचकी दिली. त्या चार जणींवर अख्खा फड जगला. सोनाबाई त्यातलीच एक. शिपायानं तिला विचारलं, "कितवा महिना, बाई?" ती म्हणाली, "भरत आलाय, तुजं नाव ठेवू का?"

वेढा उठला, माघ लागला आणि आंब्याला मोहोर आला.

असा तसा नाही. पानं दिसेनात एवढा. आत्ती सकाळी चूळ भरायला परड्यात गेली आणि हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. मग कैऱ्या लागल्या, घोसांनी. फांद्यांना टेकू द्यावे लागले. सोनाबाई धुणं सोडून वर बघत बसायची. आत्ती घरात चालायची ती एखाद्या नव्या नवरीसारखी, कारण नसताना हसत, भांडी घासता घासता गुणगुणत. तिला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज अगदीच बेसूर निघाला, पण थांबवायची कुणाची छाती होती?

आणि जोतीमामा. मामाची कीर्ती पंचक्रोशीत पसरली. हवालदारानं झाडाला पट्टा घातला आन झाड सुतासारखं सरळ झालं. लोक नारळ घेऊन यायला लागले. कुणाचं लिंबू धरत नव्हतं, कुणाची चिंच, कुणाचा फणस. "दसऱ्याला आमच्याकडं या," म्हणून निमंत्रणं. मामा प्रत्येकाला म्हणायचा, "येतो. पर झाडाला आधी सांगून ठिवा, हवालदार येणार हाय म्हणून." घरात इतके नारळ झाले की आई आमटीतही नारळ घालायला लागली. आणि प्रत्येक नारळ माझ्याकडं बघून म्हणत होता, झाडांना कान असतात. भिंतीवरची पत्रकं माझ्याकडं बघेनात. मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं, 'योगायोग म्हणजे पुरावा नव्हे', आणि पहिल्या ओळीवर अडकले. बाहेर झाड कैऱ्यांनी वाकलेलं, आत मी योगायोगाबद्दल लिहितेय.

त्याच सुमाराला दिवाकर आमच्याकडं आला. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता, परीक्षा सोडून चळवळीत पडला. काडीसारखा अंगानं, जाड भिंगाचा चष्मा. गावात सांगितलं की मामाच्या बायकोचा भाऊ आहे, गडी म्हणून आलाय. त्याचं काम चळवळीची पत्रकं काढणं. चक्रमुद्रण यंत्र कडब्याच्या गंजीत लपवलेलं. दुपारी गंजीत शिरायचा आणि संध्याकाळी अंगभर कडबा आणि शाई घेऊन बाहेर यायचा. माझ्या दृष्टीनं साक्षात देव आमच्या गंजीत राहायला आला होता. त्याला मी माझं 'झाडांना कान नसतात' तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "मथळा चांगला आहे. पण कान नसतात तर मग काय असतं, ते लिहिलंच नाहीस."

मग तो झाड बघायला परड्यात आला. वर आंब्यांकडं त्यानं बघितलंच नाही. वाकून मामाच्या पट्ट्याकडं बघत बसला. पट्ट्याच्या वरच्या कडेला साल सुजून ओठासारखी बाहेर आली होती, जाड, गुबगुबीत. खालची कड सुकून आत गेलेली. मग त्यानं धुण्याच्या दगडापाशी माती उकरून एक मुळी बाहेर काढली आणि नखानं खरवडली. तपकिरी, कोरडी. चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाला, "शालन, हे झाड मरायला लागलंय."

मला काय वाटलं ते आज सांगायला हरकत नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझं पत्रक खरं ठरत होतं. आणि पुढच्याच क्षणी आत्तीचं बेसूर गाणं घरातून ऐकू आलं आणि उकळ्या जिरल्या.

आत्तीला कुणी सांगायचं, हा प्रश्नच नव्हता. मी पत्रकावर वाढलेली. सत्य सांगायचं असतं. मी सांगितलं. आत्ती पाटीत पाड लागलेले आंबे भरत होती.

"मरतंय?" ती म्हणाली. "आंगावर फळ मावंना झालंय, आन मरतंय?"

"दिवाकर म्हणतोय. खालून उपाशी आहे."

"तुजं पत्रक म्हशीनं खाल्लं त्येचा राग झाडावर काढू नगं, शालन." तिनं पाटी उचलली. "आन त्या चष्म्याला सांग, परत कुनी ह्या झाडाला लोखंड लावलं तर त्येला गंजीतनं हाकलून दीन."

हीच खरी अडचण होती. दिवाकरला उपाय माहीत होता. त्याच झाडाच्या काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासायची आणि पट्ट्याच्या वरच्या नि खालच्या सालीत खोचून पूल बांधायचा. पावसाच्या तोंडावर झाडात चीक खेळायला लागतो, साल सुटी होते, तेव्हाच ते करता येतं. एकदा का उघडं लाकूड वाळलं आणि मुळं मेली की देवालाही करता येणार नाही. पण त्याला चाकू लागणार होता, आणि आत्ती दिवसभर झाडाखाली बसून आंबे निवडत होती.

आम्ही तिला पटवायचं ठरवलं. दिवाकर म्हणाला, प्रयोग करून दाखवू. न्हाणीपाशी अळू होतं. त्याचं एक पान लांब देठासकट कापलं आणि मथळे लिहायच्या लाल शाईच्या भांड्यात उभं केलं. दुपारपर्यंत शाई देठातून चढली आणि पानाच्या शिराशिरांत लाली उतरली. देठ आडवा कापला तर लाल ठिपक्यांची रांगोळी. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी नाचले. आईनं ते पान अळूवड्यांसाठी उचललं होतं, ते तिच्या हातून सोडवून घेतलं आणि आत्तीपुढं ठेवलं.

"बघ आत्ती. पाणी असं वर चढतं. पानातून वाफ होऊन जातं, तसं खालून वर ओढलं जातं. लाकडाच्या बारीक नळ्यांतून."

आत्तीनं पान उलटसुलट करून बघितलं. "बरं. आन जोतीरामानं लाकूड तोडलं का?"

"नाही. नुसती साल."

"मग पानी चढतंय की. म्हणूनच पानं हिरवी हाईत." तिनं पान मला परत दिलं. "तुमीच सांगितलंसा. झाडाला काय बी झालं न्हाई."

मामा मागून म्हणाला, "ऐकलंस? पट्टा कायद्यात बसतोय."

दिवाकर चष्मा पुसत राहिला. आमच्या प्रयोगानं आत्तीचीच बाजू सिद्ध झाली होती. मला आजही हसू येतं. माझ्या नातीनं परवा शाळेसाठी तोच प्रयोग पांढऱ्या फुलावर केला. मी म्हटलं, हे अर्धंच आहे बाई. वर काय जातं ते सगळे दाखवतात, खाली काय येतं ते दाखव. ती म्हणाली, पुस्तकात एवढंच आहे, आजी.

खाली काय येतं ते मला उसावरून सुचलं. दुसऱ्या दिवशी आत्ती आढीत आंबे लावत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. पत्रकासारखं बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि त्याला फार कष्ट पडले.

"आत्ती, ऊस कुठं गोड असतो? शेंड्याला का बुडाला?"

"बुडाला. ह्ये शेंबडं पोर बी सांगंल."

"मग साखर कुठनं येती?"

"जमिनीतनं. खतातनं."

दिवाकर गंजीतून आला होता, डोक्यावर कडबा. तो खाली बसला. "आत्ती, जमिनीतून पाणी येतं आणि थोडं मीठ. पीठ मळायला लागतं तेवढंच. चूल वर आहे, पानांत. सूर्याच्या आचेवर पानं साखर करतात आणि ती सालीच्या आतल्या बाजूनं खाली उतरते. मुळं अंधारात असतात, त्यांना काही रांधता येत नाही. वरून येईल ते खायचं आणि पाणी वर पाठवायचं."

आत्तीचे हात थांबले. तिनं आढीतला एक आंबा हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"सालीच्या आतनं उतरती?"

"हो."

ती उठली आणि परड्यात गेली. आम्ही मागोमाग. तिनं पट्ट्याच्या वरच्या सुजलेल्या ओठावरून बोट फिरवलं. मग खालच्या सुकलेल्या कडेवरून. मग परत वरून.

"म्हंजे टोपली हितं वेशीवर अडीवली."

दिवाकरनं मान डोलावली. थंडीतल्या वेढ्यात तो फडातच होता, ते मला नंतर कळलं.

"आन ह्ये दसऱ्यापास्नं?"

"दसऱ्यापासून."

"मग खालची अजून जित्ती कशी?"

"साठवलेलं खाऊन. आता तेही संपत आलंय."

आत्तीनं वर बघितलं, घोसांकडं. मग हातातल्या आंब्याकडं. तो चांगला पिवळा झाला होता, देठापाशी लाली चढलेली.

"आन ह्ये आंबं?"

दिवाकर म्हणाला, "खाली पोचली नाही ती भाकरी, आत्ती. आपल्या घरात चवड लागली होती, तशी."

आत्तीनं तो आंबा हळूच धुण्याच्या दगडावर ठेवला. मला वाटलं ती रडेल. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मग धुणं घिऊन कोन कोन जानार, ते सांग की. बसलास काय?"

पूल बांधायला तो एक दिवस पुरला, आणि तसा दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. आकाश भरून आलेलं, म्हशी चुळबुळत होत्या आणि आमचं अख्खं घर एका झाडाभोवती. आबांनी विळा पाजळून दिला. दिवाकरनं पुस्तकात वाचलं होतं, पण हातानं कधी केलं नव्हतं. पहिल्या तीन काड्या त्यानं मोडल्या. मग आत्तीनं विळा हातात घेतला. साल उचलून त्यात काडी सरकवायची, करंजीच्या कडेसारखी वरून दाबायची, हे तिला सांगावं लागलं नाही. मामा काड्या तासून देत होता. एक काडी त्यानं उलटी दिली तर दिवाकर ओरडला, "डोळा वर. काडीचा शेंडा वरच पाहिजे."

"भाकरी खाली जायाची आन तोंड वर?" मामा म्हणाला. "कसली ही रसद पोचवनारी?"

"काडीला आपला शेंडा कुठला, बुडखा कुठला ते कळतं. उलटी लावली तर पाठवत नाही."

"कान न्हाईत म्हनतासा, आन समदं कळतंय तिला," मामा म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून डोळा मारला.

चार काड्या, चार बाजूंना. आत्तीनं चारच हव्यात म्हणून हट्ट धरला. दिवाकर म्हणाला, जास्त लावू. ती म्हणाली, चौघींवर फड जगला तर झाड जगंल. मग केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांनी त्या करकचून बांधल्या, वरून शेण आणि पांढऱ्या मातीचा लेप. लेप टिकेना, तेव्हा मामा घरात गेला आणि पेटीतून आपल्या पायाच्या खाकी फौजी पट्ट्या घेऊन आला. लढाईतून एवढीच कमाई त्यानं आणली होती. त्या त्यानं आपल्या हातानं झाडाला गुंडाळल्या, खालून वर, एक घडी तिरकी न होता.

नेमका त्याच वेळी पोलिसांचा जमादार दिवाकरच्या शोधात आला. दिवाकर कोपरापर्यंत शेणात बरबटून माझ्याशेजारी बसला होता. चष्मा शेणाच्या गोळ्यात खुपसलेला. शेण कालवणाऱ्या गड्याकडं कोण बघतो? जमादार झाडाकडंच बघत राहिला.

"हवालदार, ही सरकारी पट्टी झाडाला कशापायी?"

मामानं सलाम ठोकला. "जखमी हाय, साहेब. पेन्शनीत काढलंया."

आत्तीनं जमादाराच्या हातात दोन आंबे दिले. तो झाडाखालीच बसून, रस मनगटावरून ओघळू देत, चोखत राहिला. "लय ग्वाड," म्हणाला. आत्ती म्हणाली, "तुमच्या लोकांनी आमच्या भाकरी बी अशाच खाल्ल्या व्हत्या." जमादारानं मान डोलावली, कोयी धुण्याच्या दगडावर ठेवल्या आणि गेला. तो वेशीपर्यंत पोचेस्तोवर आम्ही कसेबसे गप्प राहिलो आणि मग असे हसलो की सोनाबाई धावत आली. दिवाकरला चष्मा सापडेना. मामा हसता हसता दुखऱ्या पायावर उभा राहिला आणि ओरडला, आणि त्यावर आम्ही आणखी हसलो. हसायला काय झालं होतं, झाड जगेल की नाही हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. सोळा-सतराव्या वर्षी हसायला एवढं कळावं लागत नाही. पण आत्तीही हसत होती, आणि तिचं वय सोळा नव्हतं.

पाऊस ओसरला, भाद्रपद आला. आत्ती रोज धुणं धुवून झालं की एका पट्टीची घडी जराशी सारून बघायची. एक दिवस तिनं मला हाक मारली. चारांतली एक काडी वाळून गेली होती. उरलेल्या तिघी हिरव्या होत्या, आणि जाड झाल्या होत्या, अंगठ्यासारख्या. आणि पट्ट्याखालची साल, जी दसऱ्यापासून सुकून चिपाड झाली होती, ती काडीच्या बुडाशी फुगली होती. आत्तीनं त्या फुगवट्यावर ओला हात ठेवला. "पोचली गं," ती म्हणाली. मी माझ्या तिसऱ्या पत्रकाची सुरुवात तिथंच उभ्या उभ्या केली. त्यात अज्ञान आणि अंधार नव्हते, भाकरी होती.

ते पत्रक दिवाकरनं गंजीत छापलं, आणि दसऱ्याला मामा ते घेऊन नारळवाल्यांकडं गेला. कुऱ्हाडही घेऊन गेला, कारण निमंत्रण हवालदाराचं होतं आणि रिकाम्या हातानं जाणं त्याला मानवणारं नव्हतं. प्रत्येक झाडापुढं टाचा जुळवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "धमकी बंद झालीया. एका बारक्या फांदीची बोटभर साल काढा, ती फांदी तेवढी धरंल. खोडाला हात लावशीला तर गाठ माझ्याशी हाय." धमकी बंद झाली ती झाडांची, मालकांना सुरू झाली. काहींनी नारळ परत मागितले. ते आमच्या आमटीत गेले होते.

पुढच्या माघात मी रोज सकाळी परड्यात जाऊन वर बघायची. सगळ्या झाडांना मोहोर आला, आत्तीच्या आंब्याला आला नाही. एक तुरासुद्धा नाही. नुसती तांबूस कोवळी पालवी, भरभरून. माझा जीव खालीवर व्हायचा. मी दिवाकरला विचारलं असतं, पण तो तोवर दुसऱ्या कुठल्या गावच्या गंजीत गेला होता.

मग एक दिवस सोनाबाई धुणं आपटता आपटता वर बघून म्हणालीच, "यंदा पुन्हा न्हाई का धरला तुमचा आंबा?"

मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडं उत्तराचं अख्खं पत्रक तयार होतं. पण आत्तीनं लुगड्याला शांतपणे पिळा घातला, ते दोरीवर टाकलं, आणि एका हातानं झाडाची पट्टी जराशी सारखी केली.

"यंदा खालच्यांची पंगत हाय," ती म्हणाली. "त्येंचं जेवून झालं, की मग आपली."